मानी माणूस

माझ्या हातातली उदबत्तीची जुडी संपली तेव्हा समोर अजून सहा-सात दगड उरले होते.

टोकियोतल्या सेनगाकुजी देवळाच्या बाजूने दगडी पायऱ्या चढून गेलं की एका लहानशा उंचवट्यावर धन्याच्या अपमानाचा सूड घेणाऱ्या त्या सत्तेचाळीस रोनिनांच्या, म्हणजे बिनधन्याच्या सामुराईंच्या, समाध्या आहेत. दाटीवाटीने, ओळी करून, पंगतीला बसल्यासारख्या. वर एक वयस्क गृहस्थ उदबत्तीची जुडी पेटवून आपल्या हातात देतात. जपानी उदबत्तीला आपल्यासारखी आत काडी नसते. ती नुसत्या मसाल्याची, हिरवी, हातात घेतली तर मोडेल की काय असं वाटणारी, आणि काडी नसल्यामुळे ती शेवटपर्यंत जळते. नोव्हेंबरचा शेवट होता, वारा बोचरा होता, धूर सरळ वर न जाता दगडांच्या मधल्या बोळांतून सरपटत होता. मी मोजमाप केलंच नाही. छपराखालच्या कोपऱ्यात त्यांचा म्होरक्या ओइशी कुरानोसुके याची समाधी, तिथे मूठभर ठेवल्या. समोरच्या कोपऱ्यात त्याचा मुलगा चिकारा, वय १५, तिथेही हात सैल सुटला. मग ओळीने दोन-दोन, मग एक-एक, आणि मग हातात काहीच नाही, फक्त तळव्यावर राख. माझ्या मागून काठी टेकत एक आजी येत होत्या. त्यांच्या उदबत्त्या शेवटच्या दगडापर्यंत पुरल्या. त्यांना सवय असावी. मी उरलेल्या दगडांपुढे नुसते हात जोडले आणि पायऱ्या उतरलो.

आसाकुसा लाइनने निहोम्बाशीपर्यंत आणि तिथून गाडी बदलून निशी-कासाईला लेकीच्या घरी येईपर्यंत ती राख मी पुसली नव्हती. "बाबा, अहो उदबत्तीच ती," लेक म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण मला लहानपणापासून पंगतीत वाढताना शेवटच्या माणसापर्यंत वाढप पुरलं पाहिजे हे शिकवलं गेलंय, आणि आपल्याकडून कुणीतरी उपाशी राहिलं असं काहीतरी मनाला लागून राहिलं. रात्री मी राहून गेलेल्या दगडांचे फोटो तिला दाखवले आणि म्हटलं, निदान नावं तरी वाच. तिला जपानी वाचता येतं. ती एकेका फोटोवर बोट ठेवून अक्षरं लावत गेली. देवळाने मृत्यूनंतर दिलेली नावं ती, प्रत्येकात दोन अक्षरं ठरलेली: एक पात्याची धार आणि एक तलवार. धार अमुक तलवार, धार तमुक तलवार. सगळ्यांची तशीच. मग एका फोटोवर ती थांबली. "याच्यात दोन्ही नाहीयेत," म्हणाली. "याचं काहीतरी वेगळंच आहे. मार्ग पुरा करून देह मागे घेतलेला, असं काहीसं."

तो तेरासाका किचिएमोन. सत्तेचाळिसावा. जो मेला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आठवत राहिले ते सांगलीच्या वाड्यातले भाऊकाका. आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहायचे. एका पतसंस्थेत खजिनदार होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि वाड्यातल्या कुणाचंही पत्र वाचून दाखवायची तयारी. मी अकरा वर्षांचा असताना त्यांच्या हिशेबात तूट निघाली. रक्कम आज ऐकली तर हसू येईल एवढी, पण तेव्हा त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी. चार माणसांदेखत त्यांना विचारलं गेलं. ते घरी आले, काकूंना म्हणाले, जेवायला वाढ, आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो. पुढे तीनेक महिन्यांनी ती तूट सापडली. एका पानावरून दुसऱ्या पानावर बेरीज पुढे नेताना आकडा चुकला होता. पैसे कुठेच गेले नव्हते. मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते मात्र हे नाही. तेराव्याला जमलेली मोठी माणसं एकमेकांना हळू आवाजात सांगत होती, "मानी माणूस होता हो." ते बोलताना त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण त्याहून जास्त कौतुक होतं. मी ते कौतुक पोटात घेऊन मोठा झालो. कुणीतरी मला "मानी" म्हणावं असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

त्यामुळे कधीतरी शाळेच्या वाचनालयात या रोनिनांची गोष्ट हाती लागली तेव्हा ती परकी वाटलीच नाही. धन्याच्या अपमानाचा सूड घेतात, आणि मग शांतपणे हाराकिरी करतात. मला सगळं कळलं असं वाटलं होतं. हाराकिरी हा शब्द आपण वर्तमानपत्रात कुठल्याही पक्षाच्या पराभवाला वापरतो. जपानी लोक लिहिताना, गंभीरपणे बोलताना सेप्पुकु म्हणतात. अक्षरं तीच दोन, पोट आणि कापणं, फक्त उलटसुलट. पोटच का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्यांच्या भाषेत माणसाचं खरं मन पोटात असतं. मोकळेपणी बोलायचं तर पोट उघडून बोलू म्हणतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण अपराध पोटात घालतो, आपल्या पोटात एक आणि ओठात एक असतं, पोटातलं ओठावर येतं. माझ्या पोटात पाप नाही, बघा, हे सांगायचा शेवटचा मार्ग. शब्दांवर कुणी विश्वास ठेवत नाही अशा क्षणी माणूस कुठवर जाऊ शकतो, हे मला त्या दोन अक्षरांत दिसतं, आणि भीती वाटते. भाऊकाकांनाही तेवढंच म्हणायचं होतं.

पण गोष्ट जसजशी नीट वाचत गेलो तसतसा माझा तो लहानपणचा समज विस्कटत गेला. १७०१ च्या एप्रिलमध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्यात आको संस्थानचा तरुण धनी आसानो नागानोरी याने किरा योशिनाका या वयस्क दरबाऱ्यावर कट्यार उगारली. कपाळावर आणि पाठीवर वार झाले, किरा वाचला. देशाचा कारभार चालवणाऱ्या शोगुनच्या किल्ल्यात शस्त्र उपसणं हाच गुन्हा. आसानोला त्याच दिवशी सेप्पुकुची आज्ञा झाली आणि संध्याकाळी दुसऱ्या एका सरदाराच्या घरी, तेही आत नव्हे, बाहेर अंगणात, ती पार पडली. भांडणात दोघांनाही सारखी शिक्षा हा सामुराईंचा जुना रिवाज. किराला काहीच झालं नाही. जुनं वैर होतं एवढंच आसानो म्हणाला. काय वैर, ते त्याच्याबरोबर गेलं. त्याच्या रक्ताचे शिंतोडे पडलेला म्हणून एक दगड आणि एक प्लमचं झाड सेनगाकुजीच्या आवारात दाखवतात. मी त्या झाडापुढे उभा राहिलो तेव्हा मला त्याच्याबद्दल दया वाटायला हवी होती. मला राग आला. तेहतीस वर्षांचा माणूस, पन्नास हजार कोकू तांदळाच्या उत्पन्नाचं संस्थान, पदरी तीनशेच्या आसपास सामुराई, त्या प्रत्येकाच्या घरात चूल. एका दुपारच्या संतापात ते सगळे रोनिन झाले, म्हणजे बिनधन्याचे, लाटेवरचे. मान त्याचा गेला आणि घरं यांची गेली.

त्या तीनशेंतले सत्तेचाळीस पावणेदोन वर्षं थांबले. १७०३ च्या जानेवारीच्या अखेरीस, बर्फ साचलेल्या पहाटे, त्यांनी किराचा वाडा फोडला, त्याला कोठारातून शोधून काढलं आणि त्याचं मस्तक घेऊन शहरातून चालत सेनगाकुजीला आले. ज्या विहिरीवर ते धुतलं ती विहीर पायऱ्यांच्या वाटेवरच आहे, जाळी लावलेली, आत कुणीतरी टाकलेली नाणी. मला त्या विहिरीपेक्षा जास्त हलवलं ते देवळाने जपलेल्या एका कागदाने. भिक्षूंनी ते मस्तक किराच्या घरी परत पाठवलं आणि त्याच्या माणसांकडून रीतसर पावती घेतली. मस्तक, एक. कागदी पुडकं, एक. खाली सह्या. गोष्टीत सूड असतो, निष्ठा असते, चंद्र आणि बर्फ असतो. पावतीत एका म्हाताऱ्या माणसाचं डोकं असतं, आणि ते दारात उभं राहून ताब्यात घेणारी त्याच्या घरची दोन माणसं असतात.

त्या पहाटे किराच्या वाड्यातली सोळा माणसं मेली. हल्ला करणाऱ्यांतला एकही नाही. ते सोळाही कुणाचे तरी पगारी चाकर होते, आपल्या धन्याला वाचवायला अंथरुणातून उठून धावलेले. निष्ठाच जर मोजायची, तर त्यांची कुठे कमी पडते? त्यांच्यापुढे उदबत्ती लावायला रांग नसते. आणि किरासुद्धा सगळीकडे खलनायक नाही. आजच्या आइची प्रांतात, निशिओ शहराच्या हद्दीत त्याची जुनी जहागीर आहे. तिथे लोक त्याला चांगला धनी म्हणून आठवतात: पुराचं पाणी अडवायला बांध घालणारा, लाल घोड्यावर बसून शेतांतून फिरणारा. ज्याला एका गावात तीनशे वर्षं शिव्या मिळतात त्याला दुसऱ्या गावात तेवढीच वर्षं हात जोडले जातात. मला यातून कुणाची बाजू घेता येत नाही.

सूड घेतल्यावर ते पळाले नाहीत. सरकारच्या हवाली झाले आणि चार सरदारांच्या घरी वाटून ठेवले गेले: सतरा, दहा, दहा, नऊ. बेरीज शेहेचाळीस. समाध्यांचे गटही त्याच चार घरांप्रमाणे आहेत. सतरा जण होसोकावांच्या घरी होते आणि तिथे त्यांच्या देखरेखीला असलेल्या होरिउची देन्एमोन या सामुराईने त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यात एक गोष्ट आहे जी मी कितीदा आठवली असेल. होसोकावांनी त्यांना पाहुण्यांसारखं ठेवलं होतं, रोज दोन प्रकारचं सूप आणि पाच पदार्थांचं जेवण. काही दिवसांनी या लोकांनी विनंती केली, की हे अन्न आम्हाला जड जातंय, इतकी वर्षं हालअपेष्टेत गेली, आम्हाला हातसडीचा भात आणि तारली आठवते आहे. मरणाचा हुकूम कधीही येईल अशा माणसांना साधा भात आणि तारली हवी होती. होरिबे याहेई त्यांच्यात सगळ्यात म्हातारा, पंचाहत्तरी ओलांडलेला. तो त्या भरल्या ताटाकडे कसा बघत असेल ते मला दिसतं, कारण माझे आजोबा शेवटच्या दुखण्यात बासुंदी बाजूला सारून ज्वारीची भाकरी मागायचे.

हुकूम यायला दीड महिना लागला. सरकारपुढे पेच होता. कायदा मोडला म्हणून सोडता येईना, निष्ठेसाठी मोडला म्हणून चोर-दरोडेखोरांसारखी मानही उतरवता येईना. ओग्यु सोराई या पंडिताचं मत पडलं, की कायद्याने गुन्हेगारच, पण मरण सामुराईचं द्यावं. म्हणजे सेप्पुकु. इथे माझ्या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. मी ज्याला स्वेच्छा समजत होतो ती शिक्षा होती. मान त्यांनी कमावला होता, पण तो द्यायचा की नाही हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं. २० मार्च १७०३. पांढरं कापड, मागे तलवार घेऊन उभा असलेला मदतनीस. त्या काळापर्यंत हा विधी इतका बांधीव झाला होता, की बसलेल्या माणसाने समोरच्या कट्यारीकडे हात नेला की मागची तलवार पडायची; पुष्कळदा कट्यारीऐवजी नुसता पंखाच ठेवत. शेहेचाळिसांतल्या बहुतेकांना पोटाला स्पर्शही करावा लागला नाही. हाझामा शिन्रोकु नावाच्या चोविशीतल्या तरुणाने मात्र मदतनिसाच्या आधी घाई केली, खरंच कापून घेतलं. बाकीच्यांच्या ओळीत त्याचा दगड आहे, पण देह इथे नाही. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने मागून घेतला आणि त्सुकिजीच्या होंगानजी देवळात पुरला. सगळा मान-सन्मान, सगळी मांडणी एका बाजूला, आणि दारात येऊन "आमचा मुलगा आम्हाला द्या" म्हणणारा तो मेहुणा एका बाजूला. मला तो मेहुणा फार जवळचा वाटतो.

आणि घरी राहिलेल्यांचं काय? ओइशीने बायकोला, रिकूला, आधीच काडीमोड देऊन धाकट्या मुलांसह माहेरी पाठवलं होतं, सरकारी शिक्षेची झळ तिला लागू नये म्हणून. तेव्हा तिच्या पोटात मूल होतं. मुलगा झाला, तो बाप न पाहता वाढला, आणि थोरल्याला तर बापाने बरोबरच नेलं. इतर रोनिनांच्या मुलांना वेगळी शिक्षा झाली. पंधरा वर्षांवरच्या चौघांना इझु-ओशिमा बेटावर पाठवलं. त्यातला एक तिथेच मेला. लहान होते त्यांनी पंधराचं होईपर्यंत घरी वाट बघायची. वय वाढणं म्हणजे हद्दपारी जवळ येणं. काही आयांनी मुलांची डोकी भादरून त्यांना भिक्षू केलं, की भिक्षूला शिक्षा नाही. त्याच २० मार्चला किराचा वारस, तोही विशीच्या आतला, हल्ल्याच्या रात्री जखमी झालेला, जहागीर काढून घेऊन दूर सुवाला कैदेत गेला आणि तीन वर्षांत मेला. दोन्हीकडची पोरंच.

हे सगळं वाचूनही मी त्या शेहेचाळिसांना मूर्ख म्हणू शकत नाही. पायऱ्यांवर उभं असताना माझा गळा दाटून आला होता आणि तो खोटा नव्हता. दिलेल्या शब्दासाठी संसार, पोटची पोरं, वर्षानुवर्षांची झोप ओवाळून टाकणं काय असतं याची मला कल्पनाही करवत नाही. त्यांच्याच काळातल्या सागा संस्थानातल्या यामामोतो त्सुनेतोमो या सामुराईने तर त्यांना उलटा दोष दिला, की एवढं थांबलेच कशाला, तोवर किरा आजाराने मेला असता तर? आणि सूड घेतल्या घेतल्या देवळातच पोट का कापलं नाही? मला या माणसाचं बोलणं वाचवत नाही. सांगलीत त्या तेराव्याला बसलेल्यांत असाच एकजण होता. "चौकशी होईपर्यंत थांबला असता तर लोक काय म्हणाले असते?" असं म्हणाला होता. थांबला असता तर तीन महिन्यांनी आकडा सापडला असता, हो. एवढंच झालं असतं.

म्हणून तेरासाका. तो सामुराईसुद्धा नव्हता धड, पायदळातला साधा शिपाई, योशिदा चुझाएमोनच्या हाताखालचा. हल्ल्याला गेलेल्यांत त्याचं नाव होतं. सगळे सरकारच्या हवाली झाले तेव्हा तो त्यांच्यात नव्हता. पळाला, की ओइशीनेच निरोप घेऊन पाठवला, यावर जपानात तीन शतकं वाद चाललाय. चुझाएमोन कैदेत म्हणाला होता, की तो नालायक आहे, त्याचं नावही काढू नका. काही अभ्यासकांना हे बोलणं म्हणजे ढाल वाटते: त्याला कुणी शोधायला जाऊ नये म्हणून. मला तसंच असावं असं वाटतं, आणि तसं वाटावं अशी माझी इच्छाही आहे, हे कबूल करतो. कारण याच चुझाएमोनच्या जावयाच्या घरी तेरासाकाने पुढे कितीतरी वर्षं चाकरी केली. ज्याने खरोखर पाठ दाखवली त्याला त्या घराने उंबऱ्याच्या आत घेतलं असतं का? तो ८३ वर्षं जगला. १७४७ मध्ये गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी ओसाकात या कथेवरचं बाहुल्यांचं नाटक रंगमंचावर आलं आणि ती साऱ्या देशाची झाली. चव्वेचाळीस वर्षं तो रोज सकाळी उठला, पाणी भरलं असेल, कुणाच्या तरी वहाणा सरळ ठेवल्या असतील, आणि दरवर्षी ती थंडीतली पहाट आली असेल. त्याची खरी समाधी सेनगाकुजीत नाहीच, मिनामी-आझाबूच्या दुसऱ्या एका देवळात आहे. इथला दगड १८६८ मध्ये, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी उभारला. तेवढा वेळ लागला त्याला पंगतीत जागा मिळायला. आणि नेमकी माझ्या हातातली उदबत्ती त्याच्यापर्यंत पुरली नाही.

परत आल्यावर जानेवारीत सांगलीला गेलो. वाडा पडून तिथे आता तीन मजली इमारत झाली आहे. काकू वरच्या मजल्यावर मुलाकडे असतात. ऐंशीच्या पुढे गेल्या. शिवणयंत्र अजून खिडकीशी आहे, त्याच यंत्रावर त्यांनी वाड्याचे परकर-पोलके शिवून दोन्ही मुलं शिकवली. डोळे अधू झालेत, तरी ताटात तांदूळ घेऊन बोटांनी चाचपून खडे काढत बसल्या होत्या. जपानात काय पाहिलंस म्हणाल्या. मी बुलेट ट्रेन सांगितली, गरम पाण्याची कुंडं सांगितली. मग का कोण जाणे, ही गोष्टही सांगितली. अडखळत, भाऊकाकांचं नाव न घेता. धन्याचा अपमान, सूड, पांढरं कापड. त्या ऐकत होत्या, बोटं चालू होती. शेवटी मी उदबत्तीचं सांगितलं, आणि एकजण त्यातून मागे राहिला होता तेही.

"मग त्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"जगला. त्र्याऐंशी वर्षांचा होऊन गेला."

बोटं थांबली. "बायको होती का रे त्याला?"

"होती, काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि सापडलेला खडा त्यांनी बाजूच्या वाटीत टाकला.